उभ्याची मूठ

मूलच्या बाजारात गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आला. "भाऊ, तिकडच्या जंगलात वाघ हाये का?"

नाही. कॅनडाच्या रॉकी पर्वतात वाघ नाही. अस्वल आहे, लांडगा आहे, आपल्या म्हशीपेक्षा उंच असे सांबराच्या कुळातले एक जनावर आहे. एवढे सांगून होईपर्यंत विचारणारा वांगी निवडू लागलेला असतो. वाघ नसलेल्या जंगलाची हकिकत ऐकण्यास आमच्या भागात कोणाला सवड नाही. म्हणून ती लिहून काढतो. ज्याला सवड होईल त्याने वाचावी.

मी वनखात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली. वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. सिंदेवाही, एटापल्ली, आलापल्ली आणि शेवटी मूल. पत्नी शकुंतला हिचे माहेर सिंदेवाहीकडे एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तिचे वडील तळ्यात जाळे टाकीत आणि घरातील बायका उन्हाळ्यात मोह वेचीत. आमची एकुलती एक मुलगी वर्षा आणि जावई प्रशांतराव कॅलगरी येथे राहतात. जावई मूळचे चिमूरचे. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी रजा काढली आणि आम्हा दोघांना मोटारीने पर्वत दाखवण्याचे ठरवले.

मी म्हणालो, जंगल मी पाहिलेले आहे.

वर्षा म्हणाली, "पाह्यलं नाई बाबा तुम्ही. राखलं."

मी गाडीत बसलो.

पहिला दिवस : कॅलगरी ते बॅन्फ

कॅलगरी सपाटीवर आहे. तास-दीड तास गवताळ माळ जातो आणि मग पर्वत अचानक समोर उभे राहतात. आपल्याकडे डोंगर हळूहळू येतो. आधी मुरूम, मग टेकडी, मग सागवान. तिथे प्रस्तावना नाही.

राष्ट्रीय उद्यान लागताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण सुरू होते. ठरावीक अंतरावर रस्त्यावरून रुंद पूल जातात. त्या पुलांवर माती टाकून झाडे लावलेली आहेत. ते जनावरांना पलीकडे जाण्यासाठी आहेत. मी गाडी थांबवण्यास सांगितले. तेथे थांबता येत नाही असे कळले. हा नियम योग्य वाटला.

तपासणी नाक्यावर एक तरुण मुलगी होती. मी वनखात्याचा निवृत्त कर्मचारी असल्याचे प्रशांतरावांनी तिला सांगितले. ती हसून एकच शब्द बोलली. मी अर्थ विचारला. जावई म्हणाले, "शाबास म्हनते मामाजी." तिचे वय पाहता ही शाबासकी मी स्वीकारली नाही.

मुक्कामाच्या तळावर कचरा टाकण्यासाठी लोखंडी पेट्या होत्या. अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून त्यांच्या झाकणाखाली खाच ठेवून आत कळ बसवलेली असते. मी बराच वेळ खटपट केली, झाकण उघडले नाही. अस्वलासाठी केलेली ती योजना निवृत्त वनपालालाही लागू पडत होती. मागून आवाज आला, "सरका जी." शकुंतलेने एका हाताने झाकण उघडले, केळीची साले आत टाकली आणि निघून गेली.

पेटीशेजारी अस्वलाविषयीच्या सूचनांचा फलक होता. वर्षाने तो वाचून दाखवला. एकट्याने जाऊ नये. बोलत जावे. धावू नये. तिखटाचा फवारा जवळ बाळगावा. तसा एक तिच्या पिशवीत होता. फवारा सोडला तर यात नवीन काही नव्हते.

येथे आमच्याकडील एक पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे तिचा संबंध येतो. वाघाने मारलेल्या माणसांचे पंचनामे मी केलेले आहेत. किती, ते लिहीत नाही. त्यांत बायका अधिक होत्या आणि त्यांतल्या बहुतेक वाकलेल्या असताना मेल्या. मोह वेचताना, तेंदूची पाने तोडताना, सरपण गोळा करताना. वाकलेला माणूस मागून माणसासारखा दिसत नाही. त्यामुळे आमच्या भागातील बायकांनीच एक नियम पाडून घेतला आहे. पाच जणी वाकल्या की एक उभी राहते. ती वेचत नाही, पाठमोरी उभी राहून रानावर नजर ठेवते. काम संपल्यावर वेचणाऱ्या पाचही जणी आपापल्या टोपलीतून एकेक मूठ तिच्या टोपलीत टाकतात. तिला उभ्याची मूठ म्हणतात. कोणत्याही खात्याच्या परिपत्रकात हा नियम नाही. मी पाहिलेल्या नियमांत तो सर्वांत चांगला आहे.

दुसरा दिवस : हिमनद्यांचा रस्ता

बॅन्फहून उत्तरेस जॅस्परला जाणारा रस्ता दोन पर्वतरांगांच्या मधून जातो. त्यावर मालवाहू ट्रकांना मनाई आहे. सूरजागडच्या बाजूने येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांमागे आष्टीपर्यंत धूळ खात आलेल्या माणसाला या गोष्टीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तळी निळी नाहीत, हिरवीही नाहीत. शकुंतला म्हणाली, नीळ जास्त झालेल्या पाण्यासारखी आहेत. हे वर्णन अचूक आहे. हिमनदी खडक दळते आणि त्याचे पीठ पाण्यात उतरते, त्यामुळे तो रंग येतो.

एक गोष्ट मला खटकत राहिली. त्या जंगलात गाव नाही. आपल्या जंगलात कोठेही उभे राहिले तरी धूर दिसतो, गुरांची घंटा ऐकू येते, कोंबडा आरवतो. तिथे शंभर किलोमीटरमध्ये एकही कोंबडा नाही. माणूस तिथे पाहायला येतो आणि पाहून जातो. पूर्वी त्या खोऱ्यांत लोक राहत असत आणि उद्यान झाले तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले, असे एका फलकावर लिहिले होते. तो फलक आम्ही सोडून कोणी वाचत नव्हते.

दुपारी एका तळ्यापाशी थांबलो. जेवण शकुंतलेने सकाळीच बांधून घेतले होते: भात, लाखोळीच्या डाळीचे घट्ट वरण आणि घरून नेलेली जवसाची चटणी. डाळ ती तिच्या गंजातच शिजवते. गंज म्हणजे आमच्याकडचे उभ्या काठाचे पातेले. हे पितळी पातेले तिने मूलहून कपड्यांत गुंडाळून नेले होते. वर्षाच्या घरी सतरा भांडी असताना याची गरज काय, असे मी विचारले होते. 

जेवण झाल्यावर ती पायवाटेने थोडी पुढे गेली. परतली तेव्हा तिच्या तळहातावर चार लाल फळे होती, करवंदाहून लहान.

वाटेच्या तोंडाशी फलक होता. फुलावर हात आणि हातावर काट मारलेले चित्र. ते समजण्यास इंग्रजी लागत नाही. मी तिला ते दाखवले. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या बाकावरील कुटुंब आमच्याकडे पाहू लागले.

प्रशांतराव म्हणाले, "राहू द्या ना मामाजी. चार तं हायेत."

"कायदा चारालाही असतो."

शकुंतला माझ्याकडे पाहत म्हणाली, "नवकरी संपून बारा वर्सं झाली जी तुमची." मग ती वळली आणि फळे परत झुडपाखाली ठेवून आली. टाकली नाहीत, ठेवली.

पुढचे दोन तास ती गाडीच्या खिडकीबाहेर पाहत बसली. मला त्यात वावगे वाटले नाही. 

संध्याकाळी वर्षा माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, आई मले लहानपनी मोह वेचाच्या गोष्टी सांगे. कोनत्या झाडाचं फूल गोड, कोनत्या झाडाखाली रानडुकराच्या आधी पोचा लागते. मी विचारलं, तू काऊन नाई जात? तं म्हने, तुह्या बाबाची नवकरी हाये."

ते खरे होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शकुंतला गावातील बायकांबरोबर माझ्याच बीटात, म्हणजे माझ्या ताब्यातील रानात, मोह वेचायला गेली होती. मी तिला अर्ध्या टोपलीवरून परत आणले. वेचण्यास बंदी नव्हती. परंतु वनरक्षकाची बायको टोपली घेऊन रानात दिसली असती तर दुसऱ्या कोणाची टोपली तपासण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नसता. मी तिला तसे सांगितले. तिने ऐकले. त्यानंतर ती वेचायला गेली नाही. निवृत्तीच्या दिवशी ही मनाई उठली असे मी तिला सांगायला हवे होते. ते राहून गेले.

तिसरा दिवस : जॅस्परकडे

सकाळी मोठी हिमनदी पाहिली. कोणत्या वर्षी बर्फ कोठपर्यंत होता हे दाखवणारे दगड वाटेवर लावलेले आहेत. आम्ही एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेलो. माझ्या जन्माच्या सुमाराच्या दगडापासून आजच्या बर्फापर्यंत पोहोचण्यास मला वेळ लागला आणि दोनदा बसावे लागले.

जॅस्परच्या अलीकडे जळालेले जंगल लागते. दोन वर्षांपूर्वी तिथे मोठा वणवा लागला होता. मैलोगणती काळे खांब उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी गुलाबी फुलांचे ताटवे आहेत. राखेत आधी तेच उगवते. एका खांबाखाली मी देवदाराच्या जातीच्या झाडाचे बोंड उचलून पाहिले. ते उमललेले होते. तेथील माहितगाराने सांगितले की या झाडाचे बोंड राळेने बंद असते, आगीची आच लागल्यावरच उघडते आणि बी बाहेर पडते. मी बोंड जागेवर ठेवले.

आमच्याकडे मोह पडू लागला की झाडाखालचा पाचोळा पेटवतात, फुले स्पष्ट दिसावीत म्हणून. मग वारा येतो. आग अडवण्यासाठी फेब्रुवारीत आखलेल्या जाळरेषा ओलांडून आग बीटभर पसरते. हिरव्या फांद्यांनी ती झोडपण्यात माझे किती उन्हाळे गेले हे शकुंतलेला माहीत आहे, कारण ते सदरे तिने धुतले आहेत.

बोंड पाहून ती म्हणाली, "मंग आग वाईट का चांगली जी?"

छत्तीस वर्षे मी एकच उत्तर दिले होते. त्या दिवशी दिले नाही.

चौथा दिवस : फ्रेझर नदीचे वरचे खोरे

खिंड ओलांडली की दुसरा प्रांत लागतो आणि फ्रेझर नदी सोबत येते. त्या बाजूला पाऊस अधिक, झाडी दाट आणि ओलसर. मला भामरागडची आठवण झाली, पण झाडे दुप्पट उंच.

दुपारी आम्ही एका धबधब्यावर थांबलो. धबधबा मोठा नाही, तीन-चार पुरुष उंचीचे पाणी खडकातून कोसळते. त्या पाण्याखालून हातभर लांबीचे मासे उड्या मारीत होते. वर येत, खडकावर आपटत, खाली पडत आणि पुन्हा येत. हे सॅमन जातीचे मासे समुद्रातून हजार किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध येतात, जिथे जन्मले तिथे अंडी घालतात आणि मरतात. कठड्याशी वीसएक माणसे उभी राहून पाहत होती. कोणाच्याही हातात काही नव्हते.

शकुंतला चढणीच्या माशांत वाढलेली. पावसाळ्यात तळ्याच्या सांडव्यावर मासे चढतात तेव्हा तिच्या गावात कोणी घरी राहत नाही. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. "अरे बाप्पा. एवढे मासे अन् एक बी जाळं नाई."

वर्षाने माशांची हकिकत सांगितली. ती ऐकून शकुंतला म्हणाली, "माहेरी आल्या म्हना की. मराले."

मुक्काम उद्यानाच्या हद्दीबाहेर एका लहान तळावर होता. लाकडी खोल्या होत्या. तळाची देखरेख डोना नावाची साठीची बाई पाहत होती. तिने संध्याकाळी जांभळ्या फळांचा भाजलेला एक पदार्थ आणून दिला. वर जाड पापुद्रा आणि आत फळांचा रस. ही फळे हकलबेरीची. शकुंतलेने बोटावर घेऊन चाखले.

"करवंद अन् जांभूळ, दोन्हीच्या मधातलं हाये. विचार व तिले, कुठी भेटते?"

डोनाने हात करून मागची चढण दाखवली. वर जुन्या तोडीचे मोकळे रान आहे, तिथे या दिवसांत झुडपे फळांनी लगडलेली असतात. मी परवान्याची चौकशी केली. घरी खाण्यापुरते वेचण्यास परवाना लागत नाही, असे उत्तर मिळाले. हद्दीची चौकशी केली. ते रान उद्यानात नाही. डोनाने एवढेच बजावले की एकट्याने जाऊ नका, तीच फळे अस्वलेही खातात.

वर्षाने हेही आईला सांगितले.

"आपल्याकडे बी खाते ना अस्वल मोह," शकुंतला म्हणाली. "रातभर खाते अन् उजाडाच्या आत जाते." मग ती माझ्याकडे पाहू लागली.  

मी म्हणालो, "उद्या आठ वाजता निघायचे आहे. वेळ नाही."

कायदा आड येत नव्हता, म्हणून मी वेळ आड आणला.

पाचवा दिवस

पहाटे जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. उजेड फुटला होता. पांघरुणाची घडी घातलेली होती. बाहेर ओट्यावर चुलीशेजारी कालचे उरलेले वरण वर्षाच्या डब्यात काढून ठेवलेले दिसले. गंज नव्हता.

मी वर्षाला आणि जावयांना उठवले. डोना तिच्या खोलीतून फवारा घेऊन आली. तिने चढणीकडे पाहिले आणि म्हणाली की या दिवसांत अस्वले दिवसभर खातात. हिवाळ्याआधी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. त्यांना रात्र पुरत नाही.

शकुंतला आमच्या अस्वलाच्या वेळापत्रकाप्रमाणे गेली होती. उजाडले म्हणजे अस्वल घरी गेले, असे तिने धरले होते. ते अस्वल सिंदेवाहीचे नव्हते.

तळामागून लाकूडतोडीचा जुना रस्ता वर जातो. वर्षा पुढे धावू लागली. मी तिला धावू नको म्हणून सांगितले. अर्ध्या किलोमीटरवर रस्ता फुटतो. डाव्या फाट्यावर एक पालेदार डहाळी आडवी पडली होती. डोनाने ती उचलून मोडलेले टोक दाखवले. ताजे होते. ती म्हणाली, इथून कोणी तरी आत्ताच गेले आहे, आणि ती डावीकडे वळली. वर्षा आणि प्रशांतरावही वळले.

मी थांबलो. "डावीकडे नाही. उजवीकडे."

"बाबा, फांदी इथी पडली हाये ना!"

"म्हणूनच."

आमच्याकडे वेचायला निघालेल्या बायकांत जी पुढे असते, ती फाट्यावर पालेदार डहाळी तोडते आणि ज्या वाटेने जायचे नाही त्या वाटेवर आडवी टाकते. मागून येणाऱ्यांनी चुकू नये म्हणून. टाकलेली डहाळी म्हणजे बंद वाट. हे डोनाला माहीत असण्याचे कारण नव्हते. शकुंतलेचा हात तेवढे आपोआप करून गेला असावा. चालताना माझ्या मनात आले की मागून येणारे तर कोणी नव्हते. मग ही डहाळी कोणासाठी? मागून कोणी येईल असे तिने धरले होते. हा विचार मी थांबून केला नाही.

उजव्या वाटेवर अस्वलाची विष्ठा होती. जांभळी, बियांनी भरलेली, ओली. डोनाने फवाऱ्याचा चाप काढला.

झाडी संपली आणि उतार मोकळा झाला. कमरेएवढी झुडपे, मधे जुने बुंधे. त्या झुडपांत प्रथम मला एक तपकिरी पाठ दिसली. वाकलेली. ते अस्वल होते. ते दोन्ही पंजांनी झुडूप ओढून तोंड चालवीत होते. त्याच्या खालच्या अंगाला, साठएक पावलांवर, दुसरी पाठ दिसली. तीही वाकलेली. जांभळा स्वेटर. दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना होती आणि दोघेही आपापल्या कामात होते. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

तिच्या मागे कोणी उभे नव्हते.

वर्षाने ओरडण्यासाठी तोंड उघडले. मी तिचा दंड धरला. दचकवले तर अस्वल कोणत्या बाजूला सुटेल हे सांगता येत नाही. डोनाने खुणेने सांगितले, बोलत चला, एकाच आवाजात, थांबू नका. मी वळसा घालून खालच्या बाजूने शकुंतलेकडे निघालो. बोलायचे होते. काय बोलावे हे सुचेना. वर्षानुवर्षे मोटारसायकलवरून केलेला रस्ता तेवढा तोंडात आला. "मूल. चामोर्शी. आष्टी. आलापल्ली. एटापल्ली." एटापल्ली आली की पुन्हा मूलपासून सुरू केले.

तिसऱ्या खेपेस आष्टीला अस्वलाने डोके वर केले. मागच्या पायांवर उभे राहून ते वास घेऊ लागले. आलापल्लीपर्यंत मी शकुंतलेपाशी पोहोचलो.

ती न वळताच म्हणाली, "काऊन ओरडून राह्यले जी? येतच होती मी. आठ वाजाले टाइम हाये."

"सरळ उभी राहा. धावू नकोस."

माझ्या आवाजातला फरक तिने ओळखला. ती सरळ झाली आणि मग मान वळवून तिने पाहिलेच.

"अगे माय," ती हलक्या आवाजात म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दिवसा बी खाते काय हा?"

"खातो."

"सांगा नाई लागत?"

तिथे अस्वले येतात, एकट्याने जाऊ नये, एवढे सांगितले होते. परंतु ती वेळ ते बोलण्याची नव्हती. आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो. वरच्या बाजूने डोना, वर्षा आणि प्रशांतराव एका रांगेत आले. पाच माणसे उभी पाहून अस्वल खाली बसले, आमच्याकडे एकदा पाहिले आणि सावकाश, वाटेत दोन झुडपे ओरबाडत, चढणीवरून पलीकडे उतरले. त्याला घाई नव्हती. रान त्याचे होते.

वर्षा एका बुंध्यावर बसली आणि आईला वाट्टेल ते बोलली. शकुंतलेने ते ऐकून घेतले. जावई म्हणाले, "चला ना मामाजी आता खाली. पुरे झालं."

मी गंजात पाहिले. अर्धा भरला होता.

अर्ध्या टोपलीवरून मी तिला एकदा परत आणले होते. तेव्हा माझे वय सव्वीस होते आणि माझे म्हणणे बरोबर होते. बरोबर होते असे मी आजही म्हणतो.

"भरायला किती वेळ लागेल?" मी विचारले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "पावनेक घंटा."

मी वर्षाला डोनाकडे विचारायला लावले. डोनाने पलीकडचा उतार न्याहाळला, फवारा हातात ठेवला आणि मान हलवली.

"भर," मी म्हणालो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

पाऊण तास मी रानाकडे पाहिले. छत्तीस वर्षे हेच काम केले होते, पण मागे कोणी वेचते आहे याचा आवाज इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. फळ गंजात पडले की पितळ वाजते. गंज भरत जातो तसा तो आवाज बुजत जातो. तो पूर्ण बुजला तेव्हा ती उठली. तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि तिच्यात एक मूठ टाकली.

"हे घ्या. उभ्याची."

ती मूठ मी उतरताना खाल्ली. फळे आंबटगोड होती. टोपीचा डाग अजून गेलेला नाही. आम्ही त्या दिवशी अकरा वाजता निघालो.

परत

त्यापुढचे तीन दिवस तळी आणि डोंगर पाहिले. ते सर्व सुंदर होते. छायाचित्रे वर्षाकडे आहेत.

मूलला परतल्यावर हिवाळा गेला आणि फाल्गुनाच्या शेवटी मोह पडू लागला. एका पहाटे शकुंतलेने माळ्यावरून टोपली काढली. मी कोपऱ्यातून काठी काढली. 

आता शकुंतला धरून आमच्या आळीतील सहा बायकांबरोबर मी जातो. इथे वाघ आहे. त्या महिन्यात दोनदा पाणवठ्यावर पगमार्क दिसले आणि दोन्ही वेळा आम्ही परत फिरलो. पहिल्या दिवशी एका म्हातारीने मला टोपी घालून उभे पाहिले. हिची टोपली मी पूर्वी अनेकदा तपासली होती.

"काय भाऊ! पह्यले धराले येत होते, आता राखाले आले?"

मी म्हणालो, काम तेच आहे, फक्त तोंड दुसरीकडे केले आहे.

उभे राहण्याची पाळी आता कोणा बाईवर येत नाही. वेचणे संपले की त्या रांगेने येतात आणि टोपीत एकेक मूठ टाकतात. सहा मुठी होतात. पाच मी घरी आणतो. शकुंतला सर्वांच्या शेवटी येते, त्यामुळे तिची मूठ वरच असते. ती मी तिथेच खातो.